पहिली ते चौथीच्या वर्गात वाचननाट्य: पाठांतर नाही, पडदा नाही, कागद हातातच ठेवायचा

नाटक बसवायचं म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो, कारण नाटक म्हणजे गॅदरिंग, तास बुडवून तालमी, भाड्याचे ड्रेस, ऐन दिवशी ताप आलेला राजा आणि विंगेतून दबक्या आवाजात वाक्य सांगणाऱ्या मॅडम. इथे यातलं काहीच नाहीये. मुलं हातात कागद घेऊन वर्गातच उभी राहतात आणि आपापल्या पात्राची वाक्यं वाचतात, झालं. इंग्रजी शाळांमध्ये याला रीडर्स थिएटर म्हणतात, मोठ्यांसाठी आपल्याकडे अभिवाचनाचे कार्यक्रम होतात ते साधारण असेच, आणि आकाशवाणीवरची श्रुतिका आठवत असेल तर तिथेही कलाकार माइकसमोर कागद धरूनच वाचायचे. आपण तेच लहान मुलांसोबत करायचंय.

आता हे कशासाठी, ते आधी नीट समजून घ्या, नाहीतर दुसऱ्याच दिवशी त्याचं गॅदरिंग होतं. वर्गात अशी मुलं असतात ना, ज्यांना अक्षरं येतात, काना मात्रा येतात, पण वाचताना 'म्हा...ता...री...नि...घा...ली' असं एकेक अक्षर सोडवत जातात आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. या मुलांना तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचायची गरज असते. अमेरिकेत एस. जे. सॅम्युएल्स यांनी 1979 साली पुनर्वाचनाच्या पद्धतीवर लेख लिहिला तेव्हापासून यावर भरपूर काम झालंय, पण आपल्याला ते अनुभवानेही माहीत आहेच. अडचण एकच, की सात वर्षांच्या पोराला तोच धडा पाचव्यांदा वाच म्हटलं तर तो का वाचेल? 'शुक्रवारी अंगणवाडीच्या पोरांना वाचून दाखवायचंय आणि तू वाघ आहेस' म्हटलं की वाचतो. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. म्हणून कागद हातातून सुटला, वाक्य पाठ झालं आणि मूल छताकडे बघून बोलायला लागलं, की नाटक चांगलं होईल कदाचित, पण वाचन थांबलं.

गोष्ट कुठली घ्यायची

पहिल्या वेळी मुलांना आधीच माहीत असलेली गोष्ट घ्या. नवीन गोष्ट, नवीन पद्धत आणि नवीन शब्द असं सगळं एकदम नको. लोककथा सगळ्यात सोयीच्या, कारण त्या मुळात तोंडी सांगायच्याच आहेत आणि त्यात एकच ओळ परत परत येते. चिऊ-काऊची गोष्ट घ्या, भोपळ्यातली म्हातारी घ्या. काऊ दार उघड म्हणतो, चिऊ म्हणते थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे, मग थांब माझ्या बाळाला तीट लावू दे, म्हणजे वाक्याचा सांगाडा तोच आणि बदलतो एखादा शब्द. अडखळत वाचणाऱ्या मुलाला याच्याइतकी चांगली ओळ मिळणार नाही, पहिल्यांदा अडखळतो, दुसऱ्यांदा जरा कमी, चौथ्यांदा धाडकन वाचतो, आणि ते त्याचं त्यालाच कळतं.

ज्या गोष्टीत वर्णनच जास्त आहे, किंवा एकच माणूस पानभर विचार करतोय, ती सोडून द्या. तात्पर्य शिकवणाऱ्या गोष्टीही मला फारशा आवडत नाहीत, शेवटी सगळे मिळून 'म्हणून नेहमी खरे बोलावे' म्हणतात आणि सगळी मजा जाते. हे माझं मत झालं, तुम्हाला हवं तर ठेवा. जुन्या गोष्टी शोधायच्या असतील तर बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात, तिथे एक दुपार घालवा.

गोष्टीची स्क्रिप्ट करणं

इथे जरा वेळ द्या, कारण अर्धं काम इथेच होतं आणि तयार स्क्रिप्ट मराठीत फारशा मिळत नाहीत, म्हणजे आपल्यालाच लिहाव्या लागतात. भोपळ्यातल्या म्हातारीचं उदाहरण घेऊ. पुस्तकी भाषेत ती अशी असू शकते: 'मार्गात कोल्ह्याने तिला अडवले व खाण्याची इच्छा व्यक्त केली. तेव्हा म्हातारीने त्यास युक्तीने समजावले.' हे वाचून कुठलं मूल अभिनय करणार? याचं असं करायचं:

निवेदक 1: एक होती म्हातारी. काठी टेकत टेकत / ती निघाली लेकीकडे.
निवेदक 2: वाटेत लागलं मोठ्ठं जंगल. जंगलात कोण भेटलं?
सगळे: कोल्हा!
कोल्हा: ए म्हातारे, थांब! मला भूक लागलीय. मी तुला खाणार.
म्हातारी: अरे कोल्ह्या, / माझी तर नुसती हाडं राहिलीत. / लेकीकडे जाईन, / तूप-रोटी खाईन, / जाडजूड होईन, / मग मला खा.
कोल्हा: नक्की येशील ना परत?
म्हातारी: येईन रे बाबा!
निवेदक 1: म्हातारी पुढे निघाली. आता कोण भेटलं?
सगळे: वाघ!

बघा, 'म्हणाला', 'म्हणाली' पूर्ण गेले. ज्याची ओळ तोच म्हणतोय, मग 'कोल्हा म्हणाला' कशाला. निवेदकाची वाक्यं छोटी आणि शक्यतो प्रश्नाने संपणारी, म्हणजे 'सगळे' वाल्यांना आत यायला जागा मिळते. भाषा बोलायची ठेवा, 'केले-गेले' नको, 'केलं-गेलं'. आणि तुमच्याकडची मुलं घरी वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी जे काही बोलत असतील ते म्हातारीच्या तोंडी बिनधास्त घाला. निवेदक पुस्तकातली मराठी बोलेल, म्हातारी गावातली बोलेल, त्यात काही बिघडत नाही, उलट जी मुलं वर्गात गप्प बसतात ती इथे तोंड उघडतात.

त्या तिरप्या रेघा दिसल्या ना, त्या थांबायच्या जागा. लांब वाक्यात मुलं हवी तिथे श्वास घेतात आणि अर्थाची वाट लागते, 'लेकीकडे जाईन तूप, रोटी खाईन जाड, जूड होईन' असं काहीतरी. पहिल्या दोन-तीन स्क्रिप्टमध्ये रेघा तुम्ही घाला, नंतर मुलांना पेन्सिलने घालायला लावा, तेच एक छान काम होतं. ओळ मोडायची ती पण अर्थ बघून मोडा, एक शब्द खालच्या ओळीत एकटा पडला तर मूल तिथे हमखास थांबतं.

लांबी किती? पहिली-दुसरीला सगळी मिळून 250 ते 350 शब्दांच्या वर जाऊ नका. हिशोब साधा आहे, मुलं मिनिटाला 50 शब्दांच्या आसपास वाचत असतील तर 350 शब्दांना सात मिनिटं लागली, त्यात 'सगळे' वाल्यांचा गोंधळ धरा, समोर बसलेल्या लहान पोरांचा धीर तेवढाच असतो. एका मुलाच्या वाट्याला सलग तीन ओळींपेक्षा जास्त नको. टाइप मोठा ठेवा, 18-20 चा, पात्राचं नाव ठळक, दोन पात्रांच्या मध्ये रिकामी जागा. जोडाक्षरं असलेला अवघड शब्द टाळता येत असेल तर टाळा, नसेल तर राहू दे, एखाद-दुसरा शब्द शिकतील की. कागद पाठपोट झेरॉक्स करू नका म्हणजे पान उलटण्याचा घोळ नाही, दोन पानं असतील तर शेजारी शेजारी चिकटवून जुन्या फाईलच्या पुठ्ठ्यावर लावा. पुठ्ठ्याचा दुसरा फायदा असा की कागद लुळा पडत नाही.

आणि एक गोष्ट कंजूषपणाने करू नका. प्रत्येक मुलाला अख्खी स्क्रिप्ट द्या, फक्त त्याच्या ओळी कापून नाही. दुसऱ्याचं चालू असताना बोट फिरवत मागोमाग जाणं हेसुद्धा वाचनच आहे, किंबहुना कमी ओळी असलेल्या मुलाचं जास्त वाचन त्यातच होतं. झेरॉक्सचे पैसे नसतील तर फळ्यावर किंवा जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला टांगा, स्मार्ट टीव्ही असेल तर त्यावर दाखवा. कसंही चालेल, फक्त सगळ्यांना सगळं दिसलं पाहिजे.

कोणाला काय द्यायचं

इथे सगळ्यात जास्त डोकं लागतं. सवयीने आपण काय करतो, हुशार मुलीला निवेदक करतो, दंगेखोराला वाघ करतो आणि ज्याला वाचता येत नाही त्याला झाड करतो. वाचननाट्यात झाड नसतं! ज्याला वाचायची सगळ्यात जास्त गरज आहे त्याला ओळी मिळाल्याच पाहिजेत. मग त्याला म्हातारी द्या, कारण तिची ती 'लेकीकडे जाईन' वाली ओळ कोल्ह्यासमोर येते, वाघासमोर येते, अस्वलासमोर येते, म्हणजे एकाच वाचनात तीनदा सराव. निवेदक दोन-तीन जणांत वाटा, एकाच मुलावर सगळं ओझं नको. म्हातारीसुद्धा दोन करता येतात, जातानाची एक आणि भोपळ्यात बसून परत येतानाची, तूप-रोटी खाऊन जाड झालेली दुसरी, मुलांना याची फार गंमत वाटते.

'सगळे' हे पात्र प्रत्येक स्क्रिप्टमध्ये ठेवा. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' अख्ख्या वर्गाने म्हणायचं. जे मूल एकट्याने वाचायला घाबरतं ते इथे इतरांच्या आवाजात मिसळून वाचतं. पण त्याला कायम फक्त 'सगळे' मध्येच ठेवू नका, पुढच्या वेळी एक ओळ एकट्याची, मग दोन.

ज्यांना अजून अक्षरंच येत नाहीत अशी पहिलीची मुलं असतील तर निवेदन तुम्ही करा आणि मुलांना एक-दोन शब्दांच्या ओळी द्या, नावाच्या जागी कोल्ह्याचं, वाघाचं चित्र काढा. ओळ पाठच होणार, होऊ दे, पण तिच्याखाली बोट ठेवूनच म्हणायला लावा.

चाळीस मुलांचा वर्ग असेल तर आठ-आठ जणांचे पाच ग्रुप करून सगळ्यांना एकच स्क्रिप्ट द्या. पाच वेळा तेच ऐकून मुलं कंटाळतील असं वाटतं, पण प्रत्येक ग्रुपचा वाघ वेगळा असतो आणि मुलं ते बघायलाच बसतात. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी एका खोलीत, अशी परिस्थिती असेल तर तुमच्यासाठी हे आणखी सोपं आहे, चौथीचे निवेदक, दुसरी-तिसरीची पात्रं, पहिली 'सगळे' मध्ये, एकाच कामात चारही वर्ग गुंततात.

आठवडा कसा जातो

रोज एक तास नको, वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

सोमवारी मुलांच्या हातात काही देऊ नका, तुम्ही आदर्श वाचन करा, अगदी आवाज बदलून, लाजू नका. मग गोष्टीवर गप्पा, म्हातारी घाबरलीय का, कोल्हा खरंच मूर्ख आहे का, वाघाचा आवाज मोठा असेल तर भुकेलेल्या वाघाचा कसा असेल. आवाज कसा काढायचा ते इथे ठरतं, 'जोरात म्हण', 'भावपूर्ण म्हण' असं सांगून काही होत नाही.

मंगळवारी स्क्रिप्ट वाटा आणि अनुवाचन घ्या, तुम्ही एक ओळ, मागोमाग सगळे, नंतर सगळे मिळून एकत्र. अजून पात्रं वाटायची नाहीत! पात्र मिळालं की मूल फक्त स्वतःची ओळ बघतं, म्हणून सगळ्यांनी आधी सगळं वाचू दे. अवघड शब्द फळ्यावर लिहा, दोनदा म्हणून घ्या, पुढे चला.

बुधवारी पात्रं वाटा, स्वतःच्या ओळींवर रंगीत खडूने किंवा हायलायटरने रेघ मारायला लावा. आणि एक छोटीशी युक्ती, आपल्या ओळीच्या आधीच्या ओळीचा शेवटचा शब्द पेन्सिलने गोल करायचा. त्याने 'आता कोणाचं? तुझं! नाही तुझं!' हा प्रकार निम्म्याने कमी होतो. मग ग्रुप पांगवा, एक वर्गात, एक व्हरांड्यात, एक झाडाखाली, नाहीतर पाच वाघ एका खोलीत ओरडायला लागतात आणि शेजारच्या वर्गाचे सर येतात. तुम्ही फिरत राहा. मूल अडलं तर लगेच शब्द सांगू नका, मनातल्या मनात तीनपर्यंत मोजा, मग सांगा. इतर मुलांनाही हेच शिकवा, नाहीतर ती टपूनच बसलेली असतात.

गुरुवारी पुन्हा ग्रुपमध्ये, पण या वेळी उभं राहून. कागद छातीशी, तोंडासमोर नाही. वाक्य संपलं की वर बघायचं, पुन्हा खाली, एवढंच. एकमेकांकडे तोंड करून बोलायला मुलांना आवडतं पण मग आवाज मागच्यापर्यंत जात नाही, तेव्हा तोंड समोरच ठेवायचं. पात्र गोष्टीत नसेल तेव्हा त्याने पाठ फिरवून उभं राहायचं आणि आपली वेळ आली की वळायचं, रीडर्स थिएटरमधली ही जुनी पद्धत आहे आणि मुलांना ती जादूसारखी वाटते. वेशभूषा म्हणाल तर गळ्यात दोऱ्याने अडकवलेली नावाची पाटी पुरे. आवाजासाठी बाटलीत तांदूळ घालून खुळखुळा, टुणूक टुणूकला बाकावर दोन टिचक्या. यापुढे जाऊ नका. भोपळा बनवायला घेतलात की दोन तास पुठ्ठा कापण्यात जातील आणि वाचन शून्य. पालकांनाही व्हॉट्सॲपवर आधीच सांगून टाका की ड्रेस नकोय, घरी फक्त एकदा मुलाकडून ऐका.

शुक्रवारी सादरीकरण. समोर खरे प्रेक्षक हवेत, पण फार मोठे नकोत. शेजारची अंगणवाडी हा माझ्या मते सगळ्यात उत्तम प्रेक्षक, ती पोरं वाघाला खरंच घाबरतात. नाहीतर दुसरा वर्ग, मुख्याध्यापक, खिचडी शिजवणाऱ्या मावशी, शाळेत आलेली एखादी आजी. कोणी चुकलं तर वाचन थांबवू नका, कागद हातात आहे, शोधतील आणि पुढे जातील. वाचून झालं की प्रेक्षकांना 'कसं झालं' असं विचारू नका, सगळे 'छाऽऽन' म्हणतात. 'कोणाचा आवाज ऐकून भीती वाटली?', 'म्हातारीने वाघाला काय सांगितलं?' असं विचारा, म्हणजे पोचलं की नाही ते मुलांना आपोआप समजतं.

फरक पडतोय का ते बघणं

लहान मुलांना वाचता आणि हिशोब करता यावा यासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान जुलै 2021 मध्ये सुरू झालं, त्यात तिसरीअखेर मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे, तेव्हा मोजायला आपल्याला आवडो न आवडो, लागतंच. पण शुक्रवारी म्हातारीची ओळ घडाघडा वाचली म्हणून वाचन सुधारलं असं लिहू नका, ती ओळ त्याने आठवडाभर वाचलीय. मोजायचं तर महिन्यातून एकदा, पूर्वी न वाचलेला त्याच पातळीचा एक परिच्छेद द्या, एक मिनिट लावा, बरोबर वाचलेले शब्द मोजा आणि त्यातले दोन प्रश्न विचारा. वेगाबरोबर आणखी एक टिपून ठेवा, पूर्णविरामाला थांबतो का आणि प्रश्नचिन्हाला आवाज वर नेतो का. काही मुलं वेगाच्या नादात अशी सुसाट सुटतात की त्यांचं त्यांनाच कळत नाही काय वाचलं, त्यांना मुद्दाम म्हाताऱ्या, आजारी, झोपाळू पात्रांच्या ओळी द्या.

नेहमी येणाऱ्या अडचणी

मुलाला ओळ पाठ झाली तर? होणारच, चांगलंच आहे, फक्त तेव्हा त्याला ग्रुपमधलं दुसरं पात्र द्या. बुधवारचा कोल्हा गुरुवारी निवेदक. ऐन शुक्रवारी कोणी गैरहजर राहिला तर त्याची ओळ दुसऱ्याने वाचायची, सगळ्यांकडे अख्खी स्क्रिप्ट आहेच.

दोघी तिघी मुली म्हातारीसाठी भांडत असतील तर चिठ्ठ्या टाका, आणि कोल्हा मुलगाच पाहिजे, म्हातारी मुलगीच पाहिजे असं काही ठेवू नका. तोतरं बोलणारं मूल असेल तर त्याला आधी जोडीने वाचायला द्या, एक ओळ दोघांनी मिळून, आणि कितपत एकट्याने वाचायचं ते त्याला ठरवू द्या.

व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकायचा मोह आवरा. मुलांचे चेहरे आहेत, पालकांची परवानगी लागते, आणि गोष्ट कोणा लेखकाची असेल तर त्यांनाही विचारायला हवं, वर्गापुरतं वाचणं वेगळं आणि जगाला दाखवणं वेगळं. फक्त आवाज रेकॉर्ड करून मुलांनाच परत ऐकवा, 'ए मी किती भराभर वाचलं' हे मुलं स्वतःच म्हणतात, तुम्हाला सांगावं लागत नाही.

परदेशात शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवणाऱ्यांनाही हे जमण्यासारखं आहे, तिथल्या मुलांना मराठी समजतं, थोडंफार बोलताही येतं, पण देवनागरी वाचायचा कंटाळा. आठवड्यात एकच दिवस असल्याने एक स्क्रिप्ट चार रविवार चालवा, मधल्या दिवसांत घरी आई-बाबांनी इतर पात्रं वाचायची आणि मुलाने आपलं.

दोन-तीन लोककथा झाल्या की परिसर अभ्यासाकडे वळा. जलचक्राची स्क्रिप्ट छान होते, थेंब, सूर्य, ढग, डोंगर, नदी, आणि 'सगळे' म्हणजे पाऊस. कविताही कडव्यांप्रमाणे वाटून वाचता येते. तिसरी-चौथीची मुलं तोवर स्वतःच म्हणायला लागतात की यात अजून एक प्राणी घालू या, तेव्हा त्यांनाच लिहायला द्या, अस्वलानंतर म्हातारीला कोण भेटलं आणि ती त्याला काय म्हणाली, चार ओळी. झालेल्या स्क्रिप्टचे पुठ्ठे फेकू नका, वर्गातल्या खोक्यात ठेवा, मधल्या सुट्टीत मुलं आपणहून काढून वाचतात. फक्त खोक्यावर आतल्या गोष्टींची नावं लिहून ठेवा आणि प्रत्येक स्क्रिप्टवर किती मुलं लागतात तो आकडा टाका.